कॅमेरा किती रात्री जागतो?

ट्रॅप कॅमेरा, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घ्यायला निघालेला माणूस आधी मेगापिक्सेल विचारतो, मग किंमत. बॅटरीचा प्रश्न येतो तो पैसे देऊन झाल्यावर, उभ्याउभ्या: ‘यात सेल किती लागतात हो?’ या पुस्तकाचा सगळा रोख हा क्रम उलटा करण्यावर आहे. झाडाला बांधलेला कॅमेरा किती देखणे फोटो काढतो, याला महत्त्व आहेच. पण तो किती रात्री खरोखर जागा होता, आणि ज्या रात्री नव्हता त्या रात्री कोणत्या, हे सांगता येतं का, यावर त्याने दिलेल्या माहितीची किंमत ठरते. म्हणून सेल आणि त्यांचं आयुष्य हा कॅमेरा निवडण्याचा पहिला निकष असायला हवा. हे म्हणणं काहींना आडमुठं वाटेल, तेव्हा त्यामागची कारणं जरा सविस्तर सांगायला हवीत.

जनावराकडूनच त्याचा फोटो काढून घ्यायची कल्पना जुनी आहे. १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलवाटेवर तार ताणून आणि फ्लॅशची पूड पेटवून वाघांचे रात्रीचे फोटो मिळवले. १९२७ मध्ये त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. तार एकदा ओढली गेली की त्या रात्रीचं काम संपलं. हे साधन चिकाटीचं होतं, मोजणीचं नव्हतं. मोजणीसाठी त्याचा पद्धतशीर उपयोग झाला तो १९९० च्या दशकात. उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखला, आणि ओळखलेला वाघ पुन्हा किती वेळा कॅमेऱ्यात येतो यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधण्याची संख्याशास्त्रीय रीत वापरली. पुढे २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कातून वाघ नाहीसे झाल्याचं उघड झालं, पाऊलखुणांवरच्या गणनेवरचा विश्वास उडाला आणि देशभरच्या व्याघ्रगणनेत कॅमेरा केंद्रस्थानी आला. २०२२ च्या फेरीत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ४ कोटी ७० लाखांहून अधिक फोटो जमले. महाराष्ट्रातल्या वाघांचा अंदाज २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ असा चढत गेला. हे आकडे वर्तमानपत्रात वाचताना, त्यांच्या तळाशी कुठल्या तरी नियतक्षेत्रात वनमजुराने वेळेवर बदललेले किंवा न बदललेले सेल आहेत, हे कुणाच्या मनात येत नाही.

आता मूळ मुद्दा. कॅमेऱ्यात फोटो नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात: तिथून काही गेलं नाही, किंवा गेलं पण कॅमेरा बंद होता. कार्डात दोन्हींची खूण एकच, कोरी जागा. अभ्यासक म्हणून ‘ट्रॅप नाइट’ मोजतात, म्हणजे चालू स्थितीतला एक कॅमेरा गुणिले एक रात्र. समजा एका पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्याने ६० रात्रींत बिबट्याचे ६ फोटो दिले. दर १० रात्रींना १ हा हिशेब झाला. पण सेल तिसाव्या रात्रीच संपले असतील, तर खरं प्रमाण दर ५ रात्रींना १, म्हणजे दुप्पट. पुढच्या वर्षी कुणी चांगले सेल घातले, कॅमेरा पूर्ण ६० रात्री चालला आणि १२ फोटो आले, की ‘बिबटे दुप्पट’ अशी बातमी व्हायला वेळ लागणार नाही. बिबटे तेवढेच आहेत, सेल बदलले. वाघांच्या मोजणीत तर एका क्षेत्रातलं काम साधारण ४० ते ६० दिवसांच्या आत उरकायचं असतं, कारण त्या अवधीत वाघांची संख्या स्थिर आहे असं गृहीत धरलेलं असतं. ‘महिनाभर जास्त ठेवू’ म्हणून बुडालेल्या रात्री भरून काढता येत नाहीत.

याहून वाईट म्हणजे सेल एका झटक्यात मरत नाहीत, आणि मरताना ते माहिती वाकडी करून जातात. दिवसाचा फोटो काढायला कॅमेऱ्याला थोडाच प्रवाह लागतो. रात्री इन्फ्रारेड दिव्यांची अख्खी ओळ पेटवायची किंवा फ्लॅश भरायचा, तर तेवढ्या क्षणापुरता कितीतरी पट प्रवाह ओढावा लागतो. साध्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध तो वापरात असताना वाढत जातो. असा अर्धा उतरलेला सेल मोठा प्रवाह मागितला की दबतो, व्होल्टेज खाली येतं आणि कॅमेरा फोटो न काढता बंद पडतो, किंवा दिवे इतके मंद पेटतात की चौकटीत नुसता काळोख येतो. सकाळी भार हलका झाला की तोच सेल पुन्हा उभा राहतो आणि माकडांचे, चितळांचे फोटो बिनबोभाट येऊ लागतात. कार्ड पाहणाऱ्याला वाटतं, कॅमेरा चालू आहे. तो चालू आहे, पण फक्त दिवसा. साळिंदर, उदमांजर, अस्वल, बिबट्या हे सगळे त्या नोंदीतून गुपचूप गळाले. अशा जंगलाचा अहवाल लिहिला तर त्यात रात्रीची जनावरं कमी आणि दिवसाची जास्त दिसतील, आणि कारण शोधायला कुणी सेलच्या कप्प्यात डोकावणार नाही.

पट्ट्यांवरून ओळख पटवायची तिथे आणखी एक पेच आहे. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, एकमेकांचा फ्लॅश डोळ्यांत जाणार नाही इतके जरासे मागेपुढे, असे दोन कॅमेरे बांधतात. एकाच वेळी दोन्ही कुशी मिळाल्या की वाघ पुरता ओळखला जातो. त्यातला एक कॅमेरा मेला तर हाती एकच कूस राहते. इथे मिळालेली डावी आणि चार किलोमीटरवर मिळालेली उजवी, हा वाघ एक की दोन, हे मग सांगता येत नाही. सेल पूर्ण उतरले की काही कॅमेऱ्यांचं घड्याळही कारखान्यातल्या मूळ तारखेवर जातं, आणि नवे सेल घालणाऱ्याने तारीख पुन्हा लावली नाही तर पुढचे सगळे फोटो भलत्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू होतात. फोटो आहेत, वाघही आहे, पण समोरच्या कॅमेऱ्याशी वेळ जुळवता येत नाही. वीसतीस रुपयांच्या सेलमुळे झालेलं हे नुकसान कुठल्याही संगणकीय प्रणालीने भरून निघत नाही.

वीज जाते कुठे, हे आकड्यांत पाहिलं की निवडीचे बरेच वाद आपोआप मिटतात. एका कॅमेऱ्याचा स्वस्थ बसलेला असतानाचा प्रवाह ०.२ मिलिअँपिअर धरू. ६० दिवसांत त्याचे २८८ मिलिअँपिअर-तास होतात. रात्रीच्या एका फोटोला २ सेकंद १ अँपिअर लागला असं धरलं तर तो ०.५६ मिलिअँपिअर-तास खातो. असे १,००० फोटो म्हणजे ५६० च्या आसपास. रात्रीचा २० सेकंदांचा एक व्हिडिओ मात्र एकटाच ५.६ घेतो, म्हणजे दहा फोटोंइतका. पेन्सिल सेलची क्षमता हलक्या भारावर २,००० ते २,८०० मिलिअँपिअर-तासांच्या घरात असते, आणि जोरात ओढलं तर ती बरीच घटते. एक गैरसमज इथेच दूर करायला हवा: एकामागे एक जोडलेल्या सेलांची क्षमता बेरजेने वाढत नाही, फक्त व्होल्टेज वाढतं. आठ सेलांचा कॅमेरा चार सेलांच्या कॅमेऱ्यापेक्षा दुप्पट चालेल की नाही, हे आतली जोडणी कशी आहे यावर अवलंबून. वरचे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक कॅमेऱ्याचे वेगळे असणार. पण हिशेबाची ही पद्धत कुठेही लागू पडते आणि ती शाळेतल्या गुणाकारापलीकडे जात नाही.

या हिशेबातला सर्वांत मोठा गळका भाग म्हणजे नको असलेले फोटो. २०२२ च्या गणनेतल्या ४ कोटी ७० लाखांवर फोटोंपैकी वाघाचे होते ९७,३९९. सुमारे ४८० फोटोंमागे एक. उरलेल्यांत चितळ-सांबर आहेत, ते हवेतच. पण गुरं, माणसं, वाहनं आणि हललेलं गवतही आहे. कॅमेऱ्याचा संवेदक जनावर ‘पाहत’ नाही; त्याला समोरच्या उष्णतेत झालेला बदल कळतो. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तापलेला खडक आणि चितळाचं अंग यांतला फरक जवळजवळ पुसला जातो, तर उन्हाने तापलेला गवताचा झुबका वाऱ्यावर हलला की कॅमेरा दिवसभर टिपत सुटतो. म्हणून सेलची बचत खरं तर कोयत्यापासून सुरू होते: कॅमेऱ्यासमोरचं गवत आणि लोंबत्या फांद्या काढणं, तोंड उगवत्या-मावळत्या सूर्याकडे न ठेवणं, जनावर समोरून अंगावर न येता आडवं जाईल अशी वाट निवडणं, कारण आडव्या हालचालीला संवेदक जास्त नीट ओळखतो. माणसांच्या फोटोंचं, विशेषतः सरपणाला आणि मोहफुलं वेचायला आलेल्या बायांच्या फोटोंचं काय करायचं, हा बॅटरीपेक्षा फार मोठा प्रश्न आहे. त्याला पुढे स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

मग कॅमेरा कोणता घ्यावा? याचं उत्तर प्रश्नावर अवलंबून. पट्ट्यांवरून वाघ किंवा ठिपक्यांवरून बिबट्या ओळखायचा असेल तर पांढऱ्या फ्लॅशला तोड नाही. चालतं जनावर क्षणात गोठतं आणि पट्टे रंगात, कडांसह मिळतात. इन्फ्रारेडमध्ये प्रकाश अपुरा म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि चालत्या वाघाचे पट्टे फासले जातात. पण पांढरा फ्लॅश सगळ्यांना दिसतो, लाकूडचोरालाही. शेतात येणारं रानडुक्कर किंवा वस्तीजवळचा बिबट्या नुसता ‘येतो का’ एवढंच पाहायचं असेल तर इन्फ्रारेड पुरतं. त्यात ८५० नॅनोमीटरचे दिवे दूरवर पोचतात, पण अंधुक लाल दिसतात. ९४० चे डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत, पण तेवढ्याच विजेत त्यांचा पल्ला कमी पडतो. मेगापिक्सेलबद्दल एकच वाक्य पुरे: खोक्यावरचा मोठा आकडा पुष्कळदा आतल्या लहान संवेदकाचा फोटो फुगवून आलेला असतो, त्याने तपशील वाढत नाही, फाइल वाढते, ती लिहायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सेल खर्ची पडतो. त्यापेक्षा स्वस्थ असतानाचा प्रवाह किती, बाहेरची बॅटरी जोडायला जागा आहे का, १.२ व्होल्टच्या सेलवर चालेल का, हे विचारावं. विक्रेत्याला उत्तर येत नसेल, तर तीही माहितीच आहे.

सेलांच्या बाबतीत हौशी मंडळींत तट पडलेले आहेत, तेव्हा थोडं स्पष्ट बोलणं भाग आहे. घड्याळात आणि रिमोटमध्ये चालणारे स्वस्त कार्बन-झिंक सेल ट्रॅप कॅमेऱ्यात घालूच नयेत. अल्कलाइन सहज मिळतात, पण वर सांगितल्याप्रमाणे रात्री दगा देतात, आणि उतरलेले सेल कॅमेऱ्यातच राहिले तर पाणी सोडतात. कप्पा उघडल्यावर स्प्रिंगवर पांढरी, कडेने हिरवट झालेली खरपुडी दिसते; ती नखाने खरवडून काढली तरी खालचा पत्रा खाल्लेला असतो, आणि नवे सेल घालूनही कॅमेरा कधी चालतो कधी नाही. चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचेच, पण मोठा प्रवाह ते न दबता देतात, म्हणून फ्लॅशला अल्कलाइनपेक्षा बरे. अडचण एवढीच की काही कॅमेरे १.५ व्होल्ट गृहीत धरतात आणि भरलेल्या सेलालाही ‘लो’ म्हणतात. साध्या प्रकारचे सेल उन्हाळ्यात नुसते पडून उतरतात. कमी स्वविसर्जनाचे घ्यावेत. एकदाच वापरायचे लिथियम सेल सर्वांत महाग, सुमारे ३,००० मिलिअँपिअर-तासांचे, वजनाला हलके, आणि थंडीत टिकणारे. देशातल्या हिमबिबट्यांच्या पहिल्या गणनेत १,९७१ ठिकाणी मिळून १,८०,००० ट्रॅप नाइट झाल्या, म्हणजे एका ठिकाणी सरासरी ९० च्या वर. लडाख-स्पितीच्या गोठणबिंदूखाली, पुन्हा चढून जाणं जिकिरीचं, अशा ठिकाणी लिथियमची किंमत वसूल होते. मेळघाटात किंवा ताडोब्यात, जिथे दर काही दिवसांनी माणूस जातोच, तिथे चार्जिंगचे सेल शहाणपणाचे. १.५ व्होल्टचे चार्जिंगचे लिथियम-आयन सेल हल्ली बाजारात पुष्कळ आहेत. ते शेवटपर्यंत पूर्ण व्होल्टेज दाखवतात आणि एकाएकी शून्यावर येतात, त्यामुळे कॅमेऱ्यावरची पट्टी पूर्ण भरलेली पाहून माणूस निघून येतो आणि कॅमेरा दुसऱ्या दिवशी मरतो. कोणताही प्रकार घ्या, एका कॅमेऱ्यात जुने-नवे किंवा दोन जातींचे सेल मिसळू नका. सर्वांत अशक्त सेल बाकीच्यांना खाली खेचतो आणि सहसा तोच गळतो.

या सगळ्यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा, की सोलर पॅनेल आणि सिमकार्डवाले कॅमेरे आल्यावर सेलांचं हे पुराण कशाला? आक्षेपात तथ्य आहे. सिमवाला कॅमेरा स्वतःची बॅटरी किती उरली ते कळवतो, म्हणजे मेलेल्या रात्रींची दिशाभूल टळते. कान्हा-पेंचच्या संचारमार्गात बसवलेल्या ‘ट्रेलगार्ड’ कॅमेऱ्यांनी तर आतल्या आत फोटो ओळखून फक्त हवे तेच फोटो, उदाहरणार्थ वाघाचे, पाठवायची सोय केली. इथेही मुळाशी विजेची काटकसर आहे: फोटो पाठवणं काढण्यापेक्षा महाग पडतं, म्हणून काय पाठवायचं नाही हे कॅमेऱ्यानेच ठरवायचं. मोबाइलची रेंज अशक्त असेल तिथे पाठवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा होतात आणि बॅटरी त्यातच संपते; आपल्या जंगलांत रेंज कुठे असते हे सांगायला नको. पॅनेलचं म्हणाल तर विदर्भातला साग उन्हाळ्यात पानं गाळतो तेव्हा ते उत्तम चालतं. चांदोली-कोयनेच्या सदाहरित सावलीत, आणि जून ते सप्टेंबर सह्याद्रीत कुठेही, त्याच्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय चकाकणारा पॅनेल वानरांना फार आवडतो.

दुसरा आक्षेप पैशांचा: एका महागड्या कॅमेऱ्याच्या किमतीत तीन स्वस्त येतात, एक मेला तरी दोन उरतील. शेतकऱ्याच्या बांधावर हा युक्तिवाद चालेल. मोठ्या क्षेत्रात मात्र प्रत्येक कॅमेऱ्यामागे सेल आणि फेऱ्या वाढतात. १०० ठिकाणी दोन-दोन कॅमेरे, प्रत्येकात ८ सेल, तर एका बदलीला १,६०० सेल लागले. अल्कलाइन पेन्सिल सेल सुमारे २३ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास ३७ किलो. लिथियमचा १५ ग्रॅमचा धरला तर २४ किलो. हे ओझं पाठीवर घेऊन कुणीतरी वाघाच्या वाटेने चालत जाणार आहे. ‘वनमजुरांना दर दोन दिवसांनी पाठवा’ हा उपाय सुचवणाऱ्यांनी हा हिशेब करावा, आणि माणसाच्या वारंवार येण्याने जनावर वाट बदलू शकतं हेही ध्यानात घ्यावं. उतरलेले सेलही तितकेच परत आणायचे असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण झाडाखाली फेकलेला सेल उत्पादकापर्यंत चालत जात नाही. घातलेले आणि परत आलेले सेल मोजून घेण्याची शिस्त त्यासाठी लागते.

एवढी काळजी वाघांनी भरलेल्या ताडोब्यात थोडी जास्त वाटली तरी चालेल. तिथे एका कॅमेऱ्याची चूक शेजारचे कॅमेरे सावरून घेतात. जनावर विरळ असलं की तसं होत नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मे २०१८ मध्ये वाघ कॅमेऱ्यात आला, त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये मिळालेल्या फोटोची मोठी बातमी झाली, आणि पट्टे जुळवल्यावर कळलं की हाच वाघ २०२२ मध्ये राधानगरी अभयारण्यात टिपला गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला, तो यवतमाळच्या टिपेश्वरचा, हेही पट्ट्यांनीच सांगितलं. अशा जागी वाघ एखाद्याच रात्री कॅमेऱ्यासमोरून जातो. त्या रात्री सेल दबलेले असते, तर तो वाघ आपल्या लेखी तिथे आलाच नसता, आणि संचारमार्ग वाचवण्याच्या वादात एका बाजूचा पुरावा कमी पडला असता.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे: कॅमेरा जागा होता की नाही हे इतक्या बारकाईने पाहायचं कुणी? उत्तर बरंचसं कॅमेऱ्यातच आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ठरावीक वेळेला आपोआप फोटो काढायची सोय असते. रोज रात्री बारा वाजता एक फोटो लावून ठेवला, की जनावर येवो न येवो, कार्डात हजेरी पडते. ज्या मध्यरात्रीचा फोटो नाही, किंवा आहे पण काळा आहे, ती रात्र हिशेबातून वगळायची. वरच्या अंदाजाने ६० रात्रींच्या अशा हजेरीला ३४ मिलिअँपिअर-तास लागतात, म्हणजे २,००० च्या सेलमधले दोन टक्केही नाहीत. दुपारचा फोटो घेऊ नये, तो अशक्त सेलवरही निघतो. काही कॅमेऱ्यांत ही सोय फक्त उजेडात चालते किंवा ती लावली की संवेदक बंद होतो, म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच ती लावून, लेन्सवर हात ठेवून अंधार करून पाहावं. विक्रेता कंटाळला तरी चालेल.